डावा कोणाचा?

४ जून

प्रिय भोंगाबाई,

आशीर्वाद पाकिटात घातलेच आहेत. पण हे पत्र थोरल्या भावाचं न समजता एका अडलेल्या गिऱ्हाइकाचं समज. फोनच करणार होतो. पण हल्ली फोनवर माणसं गुळणी धरल्यासारखी बोलतात, आणि तू एकदा सुरू झालीस की माझ्या वाट्याला नुसतं 'हं' उरतं.

लेकीनं माझ्या वाढदिवसाला गाणी ऐकायचा संच पाठवला आहे. मोठा रुबाबदार आहे. मध्ये अँप्लिफायर आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीचे दोन लाकडी स्पीकर. बसवायला दुकानाचा माणूस आला, त्यानं वायरी जोडल्या, गाणं लावलं. मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि पहिल्या कडव्यातच म्हटलं, "उजवीकडची पेटी मंद आहे."

तो म्हणाला, "नाही हो काका, दोन्ही सारख्याच आहेत."

"मंद आहे म्हणतोय ना मी!"

त्यानं पेटीला कान लावला, खिशातून कसलंसं मापक काढून दोन्हींसमोर धरलं, आणि तुझ्या वहिनीकडे पाहून हसला. ते हसू मला लागलं. बेचाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय. डाव्या डोळ्यात भिंग, उजव्या कानाला घड्याळ. कुठला दात झिजलाय, कुठे तेल सुकलंय, हे मी झाकण उघडायच्या आधी सांगतो. माझा कान म्हणजे माझं दुकान. आणि हा गृहस्थ त्या कानाला खोटं पाडून, वर चहा पिऊन गेला!

तू तीस वर्षं नाट्यगृहात आवाजाची व्यवस्था पाहिलीस. मला हा दोष शोधून दे, आणि सापडला की लेखी दे. तो कागद मी त्या दुकानदाराच्या टेबलावर ठेवणार आहे.

वहिनी बरी आहे. हल्ली फार पुटपुटते. जेवायच्या टेबलाशी इतकी वर्षं माझ्या उजव्या हाताला बसायची. यंदापासून डावीकडे बसायला लागली आहे. म्हणते, तिकडे उजेड चांगला आहे.

तुझा
दादा

ता. क. अँप्लिफायरच्या झाकणाला फक्त सहा स्क्रू आहेत. दोन सैल केले आहेत. पुढे जाऊ?


९ जून

दादा,

आधी तुझ्या ताज्या कलमाचे उत्तर: मुळीच नाही. ते दोन्ही स्क्रू आत्ता घट्ट कर आणि मगच पुढचे वाच.

केलेस? आता कारण सांगते, कारण कारण कळल्याशिवाय तू कोणाचेच ऐकत नाहीस. घड्याळाची चावी उतरली की घड्याळ निर्धोक होते. अँप्लिफायरचे तसे नाही. त्याच्या पोटात वीज साठवून ठेवणारे डबे असतात, आणि प्लग भिंतीतून काढल्यावरही ते बराच वेळ भरलेले राहू शकतात. म्हणजे चावी उतरलेली दिसते आणि स्प्रिंग मात्र ताणलेलीच असते. भिंतीवरच्या घड्याळाची ताणलेली स्प्रिंग तू एकदा अंगठ्यावर घेतली होतीस. नंतर तुला जेवणाचा घास कोण भरवत होते, ते मी येथे लिहीत नाही.

झाकणाबाहेर मात्र तुला पूर्ण मुभा आहे, आणि खरी मौज बाहेरच आहे. वायरींना हात लावण्यापूर्वीचा शिरस्ता असा: आवाजाचे बटण शून्यावर, मग अँप्लिफायर बंद, मग प्लग बाहेर. प्लग काढताना वायर ओढायची नाही, प्लगच धरायचा. त्याला तीन पाय असतील; तिसरा पाय शोभेचा नसतो, तेव्हा तो मोडून दोन भोकांच्या बोर्डात घुसवण्याची कारागिरी करू नकोस. अँप्लिफायरच्या डोक्यावर आणि पाठीमागे वीतभर मोकळी हवा असू दे, कारण तो तापतो. वहिनीने त्यावर विणलेला रुमाल घातला असेल (मला खात्री आहे की घातला आहे), तर तिची माफी मागून तो काढ.

आता वायर. प्रत्येक पेटीकडे तारांची जोडी जाते. लाल खुणेची तार दोन्ही टोकांना लाल स्क्रूखाली, दुसरी काळ्या स्क्रूखाली. एका पेटीत हे उलटे झाले, तर एक पेटी हवा पुढे ढकलते त्याच क्षणी दुसरी ती मागे ओढते, आणि खर्जाचे सूर आपसांत कुस्ती खेळून मधल्या मध्ये संपतात. शिवाय तारेचा एक केस जरी मोकळा राहून शेजारच्या स्क्रूला टेकला, तरी अँप्लिफायर जळू शकतो. तेव्हा डोळ्यात भिंग घाल आणि एकेक टोक पाहा. हे काम तुझ्याइतके चांगले जगात कोणी करणार नाही.

एवढे झाले की प्रयोग. डाव्या-उजव्या पेटीच्या वायरी पेट्यांकडच्या टोकाला एकमेकींच्या जागी लाव. बाकी कशालाही हात लावू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम, तुमच्याही असावा. मग प्लग, मग अँप्लिफायर, आणि आवाज शून्यापासून हळूहळू वर. मंदपणा दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष वायरीत किंवा यंत्रात. तो जागचा हलला नाही, तर दोष पेटीत. पाहा किती सुंदर आहे हे! काहीही न उघडता, नुसत्या अदलाबदलीने गुन्हेगार स्वतःच हात वर करतो.

उत्तराची वाट पाहते आहे. चैन पडत नाही.

तुझी
भोंगा


१५ जून

प्रिय भोंगाबाई,

स्क्रू घट्ट केले. रुमालही काढला. तो काढताना वहिनी तुझं नाव घेऊन काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही, पण आशीर्वाद नसावा.

उजव्या पेटीमागे तारेचा एक केस खरंच मोकळा होता, शेजारच्या स्क्रूपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. पिळून आत घातला. तेवढ्यापुरते तुझे उपकार. मग वायरी बदलल्या, गाणं लावलं. मंदपणा उजवीकडेच. म्हणजे तुझ्या कायद्यानं पेटी गुन्हेगार!

मला धीर कुठला? प्लग काढला, वायरी पूर्ववत केल्या, आणि पेट्याच उचलून इकडची तिकडे आणि तिकडची इकडे ठेवली. वहिनीनं दुसरी बाजू धरली. गाणं लावलं. मंदपणा पुन्हा उजवीकडेच! अगं, ही काय भुताटकी? धडधाकट पेटी उजवीकडे पोचताच आजारी पडते, आणि तिथली आजारी पेटी डावीकडे येताच खडखडीत बरी होते.

आणखी एक शहाणपण केलं, तेही सांगून टाकतो. दुरुस्त झालेली घड्याळं मी दोन दिवस घरी ठेवून त्यांची चाल पाहतो. पेटीचा माथा सपाट आणि गुळगुळीत, म्हणून चार मनगटी घड्याळं तिथे मांडली. दुसऱ्या दिवशी चारही जणं पुढे; एक तर अठरा मिनिटं! आधी तेलावर संशय घेतला, मग स्वतःच्या हातावर, आणि मग डोक्यात उजेड पडला की या पेटीच्या पोटात केवढा लोहचुंबक असतो. आतली केसाएवढी स्प्रिंग चुंबकली, वेढे एकमेकांना चिकटले, आणि घड्याळं सुसाट सुटली. 'घड्याळ चुंबकाजवळ ठेवू नये' अशी पाटी दुकानात मीच लावली आहे. चौघांनाही चुंबकातून सोडवलं. हे कोणाला सांगू नकोस.

उजवी नीट ऐकू यावी म्हणून काल आवाज वाढवला, तर वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक खाली उतरून आले. म्हणाले, "गाणं आवडलं, पण मी पेपर तपासतोय."

खोलीत दोन खिडक्या आहेत, प्रत्येक पेटीशेजारी एक. दोन्हींना जाड पडदे आहेत. आता पुढे काय?

तुझा
दादा


२० जून

दादा,

लोहचुंबकाचा परिच्छेद वाचून मी एकटीच टाळ्या वाजवत उठले. इतकी वर्षे पेट्यांच्या सहवासात काढली, पण त्या घड्याळे पळवतात हे मला आज कळले. कोणाला सांगणार नाही, असे वचन मात्र देत नाही.

वायरी आधी पूर्ववत करून मगच पेट्या हलवल्यास, याबद्दल शाबासकी. तू उतावळा आहेस, पण तुझा उतावळेपणासुद्धा शिस्तीत चालतो. आता हिशेब पाहा. वायर निर्दोष, यंत्र निर्दोष, पेटी निर्दोष. उरली ती खोली.

खोलीसुद्धा वाद्यच असते. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर ती भिंतींवरून परत येते. त्याच खोलीत गाद्या रचल्या तर ती जिथल्या तिथे विझते. जाड कापड आवाज पिते, विशेषतः वरचे सूर. दोन्ही पडदे सारखे दिसत असतील, पण एकाच्या चुण्या दाट असतील, किंवा तो पेटीला लागून असेल. तेव्हा डाव्या पेटीशेजारचा पडदा काढून ठेव. फक्त डाव्या. आणि परिणाम कळव.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगते. मंद बाजू ऐकू यावी म्हणून एकूण आवाज वाढवत नेऊ नकोस. जी बाजू धडधाकट आहे ती त्यात विनाकारण मार खाते. शेजारच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल, इतपतच गाणे असावे. नाट्यगृहात माझ्या हाताखालच्या दोघांनी हे ऐकले नाही. आता ते काहीच नीट ऐकत नाहीत.

आणि वायर सतरंजीखालून नेली आहेस का? तुझ्या स्वभावाप्रमाणे नेली असशीलच. पायाखाली ती झिजते आणि झिजलेली दिसत नाही. भिंतीच्या कडेने ने.

तुझी
भोंगा


२६ जून

भोंगाबाई,

तुझं शास्त्र उलटं चालतं का गं?

तू सांगितलंस म्हणून डावीकडचा पडदा काढला. आधीच ठणठणीत असलेली डावी पेटी आता इतकी खणखणते की उजवी तिच्यापुढे मेल्यात जमा. चांगल्या माणसाला टॉनिक पाजायचं आणि रोग्याला उपाशी ठेवायचं, हे कुठलं औषध? वहिनी म्हणाली, "वन्सं काहीतरी मनात धरूनच सांगत असतील." हे तिनं डावीकडून म्हटलं, म्हणून स्पष्ट कळलं. उजेडाचं काही का असेना, तिकडे बसल्यापासून तिचे शब्द सुधारले आहेत.

सोबत खोलीचं चित्र काढून पाठवतो. खुर्ची, पेट्या, खिडक्या, सगळं मापासकट. वायर सतरंजीखालून काढून भिंतीकडेने नेली आहे. तुला कोणी सांगितलं, देव जाणे.

दुकानात काल एक प्रकार झाला. जाऊ दे. तो पुन्हा कधीतरी.

दादा


१ जुलै

दादा,

तुझे चित्र पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. चूक माझी आहे, आणि ती सविस्तर मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

नाट्यगृहात 'डावा' म्हणजे नटाचा डावा. नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असतो. त्याच्या डाव्या हाताला जे असते ते आमच्या लेखी डावे, मग पहिल्या रांगेतला माणूस त्याला खुशाल उजवे म्हणो. तीस वर्षे मी पेट्या तशाच मोजल्या. तू 'उजवी' लिहिलेस, माझ्या डोळ्यांनी ते वाचले, आणि माझ्या हाताने सवयीने तिची 'डावी' करून टाकली. मी तुला खुर्चीत बसलेला प्रेक्षक समजायला हवे होते. मी तुला रंगमंचावर उभे केले. त्यामुळे तू भल्या पेटीचा पडदा काढलास. आता दुसराही काढ, म्हणजे दोघींना समान न्याय होईल. आपल्या आईने कधी डावे-उजवे केले नाही, आपणही करू नये.

पण दादा, यातून एक मोठी गंमत निघते. वर आणि खाली सगळ्यांचे एकच असते. छत तुझे वर, माझेही वर. डावे-उजवे तसे नाही. पेटीला स्वतःचा असा डावा नसतो, खोलीलाही नसतो. डावा हा नेहमी कोणाचा तरी असतो.

हे वाक्य लिहून मी थांबले. उठून पाणी प्याले, पुन्हा वाचले.

आता एक प्रयोग कर. दुसरा पडदा काढून आधी ऐक. मग, दुसऱ्या दिवशी, पेट्या, वायरी, बटणे यांपैकी कशालाही स्पर्श न करता फक्त खुर्ची फिरव. पेट्यांकडे पाठ करून बस, तेच गाणे लाव, डोळे मीट, आणि कोणत्या खिडकीजवळची पेटी मंद वाटते ते पाहा. खिडकीचे नाव लिही. डावी-उजवी हे शब्द या वेळी वापरायचेच नाहीत.

भोंगा


६ जुलै

प्रिय भोंगाबाई,

सापडला! चोर सापडला!

दुसरा पडदा काढला, फरक शून्य. मंदपणा होता तिथेच, रस्त्याच्या खिडकीपाशी. मग खुर्ची फिरवून पाठ केली. आणि ऐक: रस्त्याच्या खिडकीची पेटी एकदम ठणठणीत, आणि अंगणाच्या खिडकीची मंद! मी पुन्हा तोंड फिरवलं, मंदपणा परत रस्त्याकडे. पुन्हा पाठ, पुन्हा अंगणाकडे. असं सात वेळा केलं. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

म्हणजे दोष उड्या मारतो. अँप्लिफायरच लहरी आहे, मी हललो की त्याच्या आत काहीतरी हलतं. त्या गृहस्थाचं मापक हे कुठून पकडणार? आता वेळ घालवू नकोस. छानपैकी तांत्रिक शब्द पेरून मला ते पत्र लिहून दे. 'घड्याळजींचा कान अचूक आहे', हे वाक्य त्यात पाहिजेच.

तुझा विजयी
दादा


१० जुलै

प्रिय दादा,

तू लेखी मागितले होतेस, म्हणून लेखी देते. ते मात्र दुकानदाराला दाखवू नकोस. ते तुझ्यासाठी आहे.

आपण वायरी बदलल्या. मंदपणा हलला नाही. पेट्या बदलल्या, हलला नाही. दोन्ही पडदे उतरवले, हलला नाही. तू वळलास, आणि तो वळला. सातही वेळा तुझ्याबरोबर वळला. तो रस्त्याच्या खिडकीचा नाही आणि अंगणाच्याही खिडकीचा नाही. तो प्रत्येक वेळी तुझ्या उजव्या हाताला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून आपण सगळे काही बदलून पाहिले. एक वस्तू मात्र महिनाभर कोणीच बदलली नाही, कारण ती बदलता येत नाही.

दादा, मला वाटते उजवा कान.

त्या कानाची तुला काय किंमत आहे, हे मला ठाऊक आहे. मला पोहता येत नव्हते तेव्हा तू मला पाठीवर घेतले होतेस. तुझ्या डोक्यावर पाय देऊन वर येण्याची मला हौस नाही. पण तुझी जुनी पत्रे काढून पाहिली. फोनवर माणसे गुळणी धरतात. वहिनी उजवीकडे असली की पुटपुटते आणि डावीकडे आली की तिचे शब्द सुधारतात. हे सगळे तूच लिहिले आहेस. मी फक्त ओळीने वाचले.

आता शेवटचे दोन प्रयोग. नेहमीचे एक हातातले घड्याळ घे. डोळे मिटून बस आणि वहिनीला ते आधी तुझ्या डाव्या कानापासून हळूहळू दूर न्यायला सांग. टिकटिक बंद झाली की मोजपट्टी. मग उजव्या कानाला तेच. दुसरा प्रयोग अधिक मजेचा आहे. तेच घड्याळ उजव्या कानामागच्या हाडावर टेकव. आवाज हवेतून कानाच्या वाटेने जातो, तसाच हाडातूनही थेट आत पोचतो. हवेतून ऐकू आले नाही, पण हाडातून आले, तर घरात माणसे आहेत आणि फक्त दार अडकले आहे, असे समजायला जागा आहे. दार बहुधा उघडता येते.

पण हे प्रयोग म्हणजे निदान नव्हे. मी पेट्यांची माणूस आहे, कानांची नाही. मोजमाप काहीही येवो, कानाच्या डॉक्टरकडे या आठवड्यात जा. आणि तोपर्यंत त्या कानात तेल, काडी, काहीही घालू नकोस. अँप्लिफायरचे झाकण आणि हे झाकण, दोन्हींना एकच नियम.

तुझी
भोंगा


३१ जुलै

प्रिय धाकटे,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. पहिला आठवडा तुझ्यावर रागावण्यात गेला. पत्र घडी करून कामाच्या बाकाच्या खणात टाकलं, आणि वर जुन्या डायल रचल्या. वहिनीला म्हटलं, "हिला पेन्शनीत काही काम उरलेलं नाही."

मग खणातलं काही काढायला गेलो की तेच वर यायचं. तेव्हा आता दुकानातला तो प्रकार सांगतो, जो मागे गिळला होता. एक शिक्षिका घड्याळ घेऊन आल्या होत्या, त्यांच्या वडिलांचं. मी कानाला लावलं. काहीच नाही. म्हटलं, "बाई, बंद पडलंय, मुख्य स्प्रिंग गेली." त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, स्वतःच्या कानाला लावलं आणि हळूच म्हणाल्या, "चालतंय की हो." मी हसून म्हटलं, "माझा हात लागला ना, म्हणून सुरू झालं." त्याही हसल्या. घड्याळ मात्र पर्समध्ये टाकून घेऊन गेल्या. त्या दिवसापासून मी प्रत्येक घड्याळ झाकण उघडून, चक्र फिरताना डोळ्यांनी बघून मगच बोलत होतो. म्हणजे मला माहीत होतं गं. फक्त मी ते स्वतःला सांगत नव्हतो.

दुसऱ्या आठवड्यात वहिनीला म्हटलं, "मोजपट्टी आण." तिनं लगेच आणली. डावा कान: हातभर. उजवा: घड्याळ कानाला टेकलं तरी काही नाही. नुसती शांतता, जशी पावती हरवलेल्या घड्याळांच्या कपाटात असते. मग ते हाडावर टेकवलं.

आणि धाकटे, ते बोललं. लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं, पण टिक आणि टिक. मी ते घड्याळ तिथून काढीचना. शेवटी वहिनीनं माझा हात धरून खाली घेतला.

डॉक्टरीणबाई कडक होत्या. नळीतून आत बघितलं आणि विचारलं, "कानात काय घालता?"

"काही नाही."

"काका, काय घालता?"

आता तुला सांगतो. घड्याळातल्या चक्रांची टोकं ज्या इवल्या दगडांत फिरतात, त्यांच्या छिद्रांची घाण काढायला आम्ही लाकडाची बारीक काडी वापरतो, टोकाला कापूस गुंडाळून. दिवसभर ती हातात असते, आणि उजवा हात मोकळा असला की... चाळीस वर्षांची सवय. मळ बाहेर काढतोय असं मला वाटायचं. मी तो रोज थोडाथोडा आत ठोकून बसवत होतो. लोकांनी घड्याळात टाचणी घातली की मी त्यांना झापतो, "आत काही घालू नका, आमच्याकडे आणा!" बाईंनी औषधाचे थेंब दिले, चार दिवसांनी बोलावलं आणि कोमट पाण्यानं धुऊन ते बूच काढलं. मनगटी घड्याळाच्या चावीएवढं होतं, आणि त्यात कापूस! त्यांनी ते ताटलीत घालून मला दाखवलं. मी म्हटलं, "सुटा भाग परत द्यायची पद्धत आहे का?" त्या पहिल्यांदा हसल्या.

मग त्यांनी दोन्ही कान यंत्रावर तपासले. वयाप्रमाणे वरचे सूर दोन्हीकडे थोडे झिजले आहेत, ते परत येणार नाहीत, आणि दर वर्षी तपासायला यायचं आहे. गाण्याचा आवाज किती ठेवायचा, तेही त्यांनी सांगितलं. अगदी तुझंच वाक्य. पण दार उघडलं. दवाखान्यातून बाहेर आलो तर रस्ता केवढा मोठा झालेला! चपलांचासुद्धा आवाज होता.

घरी येऊन खुर्चीत बसलो, गाणं लावलं. गायिका दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये उभी होती. तिथे तर काहीच नाही, नुसती भिंत. तरी ती तिथेच उभी होती. हे तू मला आधी का सांगितलं नाहीस?

दुकानदाराला पत्र पाठवलं. त्यात लिहिलं की आपला माणूस खरा आणि त्याचं मापकही खरं, आणि त्यानं पुन्हा चहाला यावं. त्या शिक्षिकांकडेही निरोप धाडला आहे. घड्याळ चालतं, पण अडखळत चालतं. तेल सुकलंय. हे मी आता आठवून सांगतोय. त्या दिवशी ते हातात धडधडत होतं, आणि मी त्या हाताचंही ऐकलं नाही.

कागदावर जागा उरली आहे. वहिनी म्हणते, तिला लिहायचंय.

तुझा
दादा


वन्सं,

तुमची पत्रे मी सगळी वाचली आहेत. यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली, प्राध्यापकांनाही वरती ऐकू गेली असतील. रुमालाचा राग मी सोडला आहे.

तुम्ही मनात म्हणत असाल की हिला सगळे कळत होते, तर ही बोलली का नाही. वर्षापूर्वीच सांगितले होते हो, "कान दाखवून घ्या" म्हणून. चूक एवढीच झाली की उजवीकडून सांगितले. दुसऱ्यांदा सांगायचा मला धीर झाला नाही, कारण त्या कानावर यांचे सगळे उभे होते. म्हणून मी आपली खुर्ची हलवली.

आज ती पुन्हा जुन्या जागी नेली आहे. उजेड तिकडे पहिल्यापासूनच चांगला होता.

तुमची
वहिनी